बाटवणारा पाव आणि दिवाळीची नानखटाई

पोफळीच्या कॉलनीत आमच्या लहानपणी दिवाळीच्या आधी एक काम ठरलेलं असायचं. आई आणि शेजारच्या दोन काकू मैदा, रवा, थोडं बेसन, पिठीसाखर, डालडा आणि वेलची घेऊन एसटीने चिपळूणला जायच्या. शाळेला सुट्टी असली की मीही मागे लागायचो. बाजारातल्या एका बेकरीत डोळ्यांसमोर पीठ मळून घ्यायचं, गोळे वळून पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडायचे, ट्रेच्या कडेला खडूने नाव लिहायचं आणि दोन-तीन तास बाजारात फिरायचं. परत येताना मांडीवर नानखटाईचा गरम डबा. बेकरीचे मालक कोकणी मुसलमान. दर वर्षी त्यांचा एकच प्रश्न असायचा, "वहिनी, तूप आहे की डालडा?" साजूक तुपाची नानखटाई जास्त पसरते, म्हणून तो ट्रे ते भट्टीत वेगळ्या जागी लावायचे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. अमुक लोकांच्या बेकरीतून काही घेऊ नका, ते पिठात थुंकतात, वगैरे. खाली तीन-चार जणांनी हात जोडले होते. मी सुट्टीवर घरी आलो होतो. आईने विचारलं, "मग यंदा नानखटाईचं काय करायचं?" आजी आता ऐंशीच्या पुढे आहे, तिला कमी ऐकू येतं, म्हणून मी तो मेसेज मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, "आमच्या वेळी पायाने मळतात म्हणायचे."

त्या एका वाक्यामुळे मी पावाचा इतिहास वाचायला लागलो.

पायाचा पाव नाही

'पायाने मळतात म्हणून पाव' हे आपल्यातल्या बहुतेकांनी ऐकलेलं आहे. खरं तर पाव हा शब्द पोर्तुगीज 'पाँव'वरून आला. त्या भाषेत त्याचा अर्थ फक्त भाकरी किंवा ब्रेड. अननस, बटाटा आणि पगार हे शब्द जिथून आले तिथूनच हाही आला. रत्नागिरीकर ज्या हापूसवर जीव टाकतात, त्याचं नावही आफोन्सो द आल्बुकर्क या पोर्तुगीज सरदारावरून पडलंय. त्याने 1510 मध्ये गोवा जिंकला. 1534 मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेईपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. म्हणजे कोकणपट्टीच्या दोन टोकांना पाव खाणारे लोक शेकडो वर्षं राहत होते.

कोकण हा भाताचा प्रदेश. पण पोर्तुगिजांना रोजच्या जेवणात पाव हवा होता, आणि चर्चमधल्या मिस्सेची ओस्ती तर गव्हाचीच लागते. गहू बाहेरून आणता येत होता. पीठ फुगवायला खमीर मात्र इथलंच सापडलं, माडाची ताजी माडी. गोव्यात तिला सूर म्हणतात. झाडावरून उतरवल्यापासून ती आंबायला लागते, कारण तिच्यात यीस्ट असतं. ते साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि पीठ फुगतं. गोव्यात साष्टी तालुक्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हा धंदा उचलला. पोर्तुगीज 'पादेइरो'वरून त्यांना पोदेर म्हणू लागले. कोंडा असलेली आतून पोकळ पोई, गोल कडक उंडो, बांगडीसारखं काकण हे सगळं त्यांच्याच भट्टीतलं. आज बहुतेक पोदेर सुरेऐवजी तयार यीस्ट वापरतात, पण सकाळी सायकलवर टोपली बांधून भोंगा वाजवत येणारा पोदेर गोव्यात अजून दिसतो.

सणाचं बेकिंगही याच रस्त्याने आलं. नाताळात गोव्याच्या ख्रिस्ती घरांत बेबिंक, दोदोल, बोलिन्हा असे पदार्थ होतात आणि त्यांची ताटं शेजारच्या हिंदू घरी जातात. चवथीला आणि दिवाळीला तिकडून करंज्या-लाडू येतात. वसई-मुंबईकडचे मराठी बोलणारे ख्रिस्ती लोक, ज्यांच्यातल्या अनेकांनी 1887 मध्ये 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं, ते सणाला ताडीने फुगवलेले फुगे तळतात आणि सांदणं उकडतात. सांदण हा शब्द वाचून मी थांबलो. आमच्याकडे फणसाच्या रसाची सांदणं दर मे महिन्यात होतात.

भट्टीशिवाय भाजणारे लोक

शहरातले मित्र म्हणतात, आपल्याकडे बेकिंगची परंपराच नव्हती. त्यांनी धोंडस खाल्लेलं नाही.

पावसाळा संपता संपता मांडवावरची तवसं मोठी होतात. ती किसून त्यात भाजलेला तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरं घालायचं, जाड बुडाच्या पातेल्यात ओतायचं, खाली मंद विस्तव ठेवायचा आणि झाकणावर निखारे. तासाभराने वरूनही खरपूस झालेलं धोंडस सुरीने कापता येतं. हा सरळ सरळ केक आहे. बेबिंकचा एकेक थर भाजायलाही अशीच वरून आच द्यावी लागते, आणि गोव्यात त्यासाठी झाकणावर निखारेच ठेवत आले आहेत.

आंबवणंही कोकणाला नवीन नव्हतं. आंबोळीचं पीठ रात्रभर आंबतं. माडी तर भंडारी समाज पिढ्यान् पिढ्या उतरवत आला. मग भाजायची कला होती, आंबवायची कला होती, माडी होती, तरी पोर्तुगिजांच्या सीमेपलीकडच्या हिंदू घरांत पाव का शिरला नाही? त्याच पोर्तुगिजांनी आणलेली मिरची आणि बटाटा आपण घेतलेच की. इतके घेतले की आज बटाट्याची भाजी उपासालाही चालते.

मला सापडलेलं उत्तर असं आहे. मिरची आणि बटाटा कच्चे येतात. ते कुणीही पिकवलेले असोत, आपल्या चुलीवर, आपल्या पाण्यात शिजले की आपले होतात. पाव शिजूनच येतो. त्यात दुसऱ्याच्या घरचं पाणी असतं, दुसऱ्याचा हात असतो आणि वर माडीही असते. जातीची सगळी व्यवस्था कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाच्या हातचं नाही यावर उभी होती. त्यामुळे पाव चवीला कसा आहे, हा प्रश्न कुणाला पडायचंच कारण नव्हतं.

विहिरीतला पाव

विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याची गोष्ट कोकणात सगळीकडे सांगितली जाते. पाद्री येतो, गावच्या विहिरीत पाव टाकतो, लोक नकळत ते पाणी पितात, मग पाद्री सांगतो की तुम्ही आता ख्रिस्ती झालात. लोक घाबरून ब्राह्मणांकडे जातात, तर तेही म्हणतात, आता परत येता येणार नाही.

लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला पाद्र्याचा राग यायचा. आता तिचा शेवट जास्त टोचतो. गाव जातं ते पाव टाकल्यामुळे नाही, गावाला परत न घेतल्यामुळे जातं. 'पावाचा तुकडा माणसाला धर्माबाहेर काढतो' हे पाद्र्याइतकंच, किंबहुना त्याच्याहून जास्त, गावच्या पुढाऱ्यांना मान्य असेल तरच ही गोष्ट उभी राहते.

शिवाय 'गावची विहीर' म्हणताना आपण गाव कुणाला म्हणतो? त्या विहिरीवर गावातल्या दलितांना पाणी भरता येत नव्हतं. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी पाणी प्यायले. आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातलं. त्यानंतर सवर्णांनी तळ्याचं शुद्धीकरण केलं. आपल्याच गावच्या माणसाच्या ओंजळीने तळं बाटतं असं मानणाऱ्यांना पावाने विहीर बाटते हे पटणं अवघड नव्हतं.

गुप्त मंडळी आणि जाहीर बिस्किटं

ही भीती इतकी खोल होती, म्हणूनच ती मोडू पाहणाऱ्यांनी पावच हातात घेतला. 1849 मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस मंडळी सुरू केली. व्याकरणकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो तेच हे दादोबा. मंडळीचा जातिभेदाला विरोध होता, पण सगळं काम गुप्त चालायचं. सभासद व्हायचं तर ख्रिस्ती माणसाने केलेल्या पावाचा तुकडा खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. आज कोपऱ्यावरच्या टपरीवर आपण दहा मिनिटांत करतो, ते तेव्हा शपथ घेऊन, दार लावून करावं लागत होतं. 1860च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीला गेली, नावं फुटणार या भीतीने लोक पांगले आणि मंडळी संपली.

तीस वर्षांनी, ऑक्टोबर 1890 मध्ये, पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं. नंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते आणि रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळकही होते. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' या पत्रात छापून आणली आणि शहरात भडका उडाला. ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतलं, आणि त्यावरून त्यांचे सुधारक मित्रच त्यांच्यावर रागावले. पुढे हायकोर्टाचा न्यायाधीश झालेल्या माणसालाही एका चहापानाचा हिशेब द्यावा लागत होता.

रत्नागिरीत पुढचं पाऊल पडलं ते विसाव्या शतकात. सावरकर 1924 ते 1937 या काळात तिथे स्थानबद्ध होते. हिंदू समाजाच्या पायांत सात बेड्या आहेत असं ते म्हणत, आणि त्यांतली एक होती रोटीबंदी. त्यांच्या प्रयत्नांतून 1931 मध्ये पतितपावन मंदिर उभं राहिलं आणि 1933 मध्ये सगळ्या जातींच्या हिंदूंसाठी एक उपाहारगृह सुरू झालं. त्या काळच्या रत्नागिरीत ही मोठी गोष्ट होती. पण हे वर्तुळ हिंदूंपाशी थांबत होतं. पावाची भट्टी तेव्हाही बाहेरच राहिली.

नानखटाईची पळवाट

मग पावाच्या भट्टीतून हिंदू घरात पहिलं काय आलं? मला वाटतं, आमच्यासारख्या घरांपुरतं तरी उत्तर नानखटाई हे आहे.

'नान' म्हणजे फारसीत भाकरी. सुरतेत अशी गोष्ट सांगितली जाते की तिथल्या डच लोकांची बेकरी त्यांच्याकडे काम करणाऱ्या फरामजी पेस्तनजी दोतीवाला या पारशी माणसाकडे आली. ताडीने फुगवलेला पाव तिथले लोक घेईनात, तेव्हा त्याने सुकवलेली बिस्किटं आणि नानखटाई विकायला सुरुवात केली. गोष्टीतला तपशील बाजूला ठेवला तरी नानखटाईची कृतीच बोलकी आहे. तिच्यात खमीर नाही, अंडं नाही, ताडी नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. पीठ, साखर आणि तूप, बस.

आपल्याकडे पाणी न लागलेल्या पदार्थाचे नियम सैल असायचे. प्रवासाला निघताना दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या बांधून घेत ते याच कारणाने. दुधात भिजवलेलं खरकटं होत नाही असं मानत. नानखटाई या नियमात बरोबर बसली. त्यात सामान आपलं आणि मळताना आपण समोर उभे. दुसऱ्याची फक्त आच.

आणि ती आचही उरलेली असते. लाकडाच्या भट्टीत आधी आतच लाकडं जाळतात, मग निखारे कडेला सारून ओल्या गोणपाटाने तळ पुसून घेतात. पहिल्या कडक आचेवर पाव भाजला जातो. भट्टी उतरायला लागली की खारी, टोस्ट, बटर आत जातात. नानखटाईला अशीच मंद, उतरती आच लागते. त्यामुळे बेकरीवाल्याच्या रोजच्या कामात अडथळा न आणता आमचे ट्रे आत जायचे.

युरोपातल्या सणांच्या बेकिंगबद्दल वाचताना मला स्वित्झर्लंडमधला वाले नावाचा डोंगराळ प्रांत सापडला. तिथे राय या धान्याचा काळसर पाव होतो. लाकूड महाग, म्हणून गावात एकच सामाईक भट्टी असायची आणि ती वर्षातून दोन-तीनदाच पेटायची. सगळी कुटुंबं पाळीपाळीने पाव भाजून घ्यायची आणि महिनोन् महिने तो सुकलेला पाव खायची. आपला पाव ओळखता यावा म्हणून काही कुटुंबं त्यावर लाकडी शिक्का मारत. आमच्या ट्रेवर खडूने नाव असायचं. फरक इतकाच की त्यांची भट्टी गावाची होती, आणि आमची भट्टी एका माणसाच्या मालकीची होती, ज्याच्याकडचं पाणी आमच्या पणजीने कधी प्यायलं नसतं.

11 डिसेंबर 1967

आजी लग्न होऊन पोफळीला आली तेव्हा कोयना प्रकल्पाचं काम जोरात होतं. डोंगराच्या पोटात वीजघर खोदलेलं, वर घाटमाथ्यावर धरण. आजोबा प्रकल्पावर फिटर होते. कॉलनीत ठिकठिकाणचे लोक होते आणि चिपळूणहून पाव यायचा. आजोबा बाहेर खायचे. आजी पावाला शिवायची नाही. सासूबाईंना चालणार नाही, म्हणून घरात आणायचाही नाही.

11 डिसेंबर 1967च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. घाटावर कोयनानगरला घरं कोसळली, माणसं गेली. पोफळीत आजी वर्षाच्या बाबांना कडेवर घेऊन बाहेर पळाली. धक्के थांबत नव्हते, त्यामुळे कुणी घरात जायला धजेना. चूल पेटवायचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी चिपळूणहून एका गाडीतून पाव आले. आजीने आधी बाबांना दुधात बुडवून भरवला आणि मग उरलेला तुकडा स्वतः खाल्ला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? काही नाही झालं. भूक होती."

सासूबाईंना मात्र तिने हे कधीच सांगितलं नाही. सासूबाई गेल्यावर, बऱ्याच वर्षांनी, ती पहिल्यांदा नानखटाईचं सामान घेऊन चिपळूणला गेली. पुढे आई जाऊ लागली, आणि आईमागे मी.

वडापावचं श्रेय ज्यांना दिलं जातं ते अशोक वैद्य 1966च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर गाडी लावत होते. म्हणजे मुंबईत जो पाव मराठी माणसाची ओळख व्हायला लागला होता, तोच त्या वर्षांत पोफळीत एका बाईला सासूपासून लपवावा लागत होता. पाव आपल्याकडे कायमचा होता असं आपल्याला वाटतं, पण आमच्या घरात तो फक्त दोन पिढ्या जुना आहे.

आजीची ही हकिगत मी त्या फॉरवर्डखाली टाकली, तिला विचारून. पावाच्या पिठात पाय असतो ही अफवा पणजीच्या काळची, थुंकी असते ही आपल्या काळची. दोन्हींचा उपयोग एकच, शेजाऱ्याच्या हातचं खाऊ नये. 22 जुलै 2021ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडालं, तेव्हा मदतीच्या गाड्यांतून आलेले ब्रेडचे पुडे कुणाच्या भट्टीतले होते, असं आमच्या ग्रुपवर कुणी विचारलं नव्हतं, हेही मी लिहिलं. एक काका ग्रुप सोडून गेले. बाकीचे गप्प राहिले.

दोन दिवसांनी आई आणि मी सामान घेऊन चिपळूणला गेलो. बेकरीच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून पुसट दिसत होती. त्या पुरात मैद्याची सगळी पोती गेली होती, असं मालक म्हणाले. गर्दी नेहमीपेक्षा कमी होती. त्यांनी आईला विचारलं, "वहिनी, तूप की डालडा?"

मी ट्रेवर खडूने नाव लिहीत असताना फोन वाजला. ग्रुपवर नाही, वेगळा मेसेज होता. हात जोडणाऱ्यांतली एक मावशी विचारत होती, "चिपळूणला गेलायस ना? आमच्यासाठी पण एक किलो लाव."